दुपारी बाराला सूर्य खरंच डोक्यावर येतो का? एक काठी घ्या आणि बघा

"दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो" हे वाक्य आपण गोष्टीत वाचतो, निबंधात लिहितो, आजी-आजोबांकडून ऐकतो, आणि इतक्या वेळा ऐकतो की हे तपासून बघायचं असतं असं कधी मनातच येत नाही. आता खरं सांगू का, हे वाक्य चूक आहे. थोडंथोडकं नाही, चांगलंच चूक आहे. मुंबईत वर्षातले दोन दिवस सोडले तर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर नसतोच, आणि ज्या दोन दिवशी असतो त्या दिवशीसुद्धा बाराला नसतो, साडेबारा वाजून गेल्यावर येतो.

आता बारा वाजताचं वाक्य तुम्ही कुणीतरी सांगितलं म्हणून मानलं होतं, तसंच माझंही नुसतं मानलंत तर फरक काय राहिला? म्हणून एक काठी घ्या. एक मीटरची घेतलीत तर हिशोब सोपा जातो, मोपचा जुना दांडा कापून घेतला तरी चालेल. ती सरळ उभी करायची, आणि सरळ म्हणजे अंदाजाने नाही, गवंडी वापरतात तसा ओळंबा लावून. दोऱ्याला एखादा जड नट बांधला की झाला ओळंबा. जमीन पण सपाट हवी, आणि इथे बरेच जण फसतात कारण गच्ची दिसायला सपाट असली तरी पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो, त्यामुळे खाली एखादा ड्रॉइंग बोर्ड ठेवून मोबाईलमधल्या लेव्हलच्या ॲपने तो आधी सपाट करून घ्या. आणि एक गोष्ट कितीही कंटाळा आला तरी ऐकायची, सूर्याकडे बघायचं नाही. गॉगल लावून नाही, एक्सरेच्या फिल्ममधून तर अजिबात नाही. आपल्याला सूर्य बघायची गरजच नाहीये, आपलं सगळं काम सावली बघून होणार आहे.

साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर पेन्सिलने खूण करत जा आणि शेजारी वेळ लिहा. सावली आखूड आखूड होत जाईल आणि मग परत लांबायला लागेल. ज्या वेळी ती सगळ्यात आखूड असेल ती तुमच्या गावाची खरी मध्यान्ह. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला ही वेळ येते साधारण १२:३५ ला आणि नागपुरात १२:१० च्या आसपास. दोन्ही शहरांतली घड्याळं एकच वेळ दाखवतात, पण सूर्य नागपूरला जवळपास २५ मिनिटं आधी पोचतो. कारण असं की सगळ्या भारताचं घड्याळ लावलंय ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, तो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, मुंबई त्या रेखांशाच्या साधारण ९.६ अंश पश्चिमेला आहे, ९.६ गुणिले ४ केलं की ३८ मिनिटं. मग १२:३८ यायला हवं ना, १२:३५ कसं आलं? ती तीन मिनिटं कुठे गेली ते शेवटी बघू, कारण ती बरीच मजेशीर भानगड आहे.

वेळेचं झालं, आता उंचीचं. हाच प्रयोग मुंबईत डिसेंबरच्या शेवटी केलात तर ऐन मध्यान्हीला एक मीटर काठीची सावली जवळजवळ ९२ सेंटीमीटर येते. म्हणजे काठीएवढीच की! डोक्यावर सूर्य असेल तर सावली पायाखाली हवी, इथे तर ती शेजारी आडवी पसरलीये. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल अशी ती कमी कमी होत जाते आणि मेमध्ये एक दिवस असा येतो की सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण गायबच होते. हाच शून्य सावलीचा दिवस. हल्ली बऱ्याच शाळांमध्ये तो करतात, बाटल्या नाहीतर डबे उभे ठेवून फोटो काढतात. कोल्हापूरला तो ६-७ मेच्या आसपास येतो, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नाशिकला २० मेच्या सुमाराला, नागपूरला २६ मे, आणि गोव्यात पणजीला तर मेच्या सुरुवातीलाच, २-३ तारखेला. नक्की एकच तारीख का नाही सांगत, तर सूर्य म्हणजे ठिपका नाही, आकाशात त्याची थाळी जवळपास अर्धा अंश रुंद दिसते, आणि त्या दिवसांत तो रोज साधारण पाव अंश उत्तरेकडे सरकत असतो, त्यामुळे एक दिवस मागेपुढे झालं तरी डोळ्याला फरक कळत नाही.

आता असं का होतं? पृथ्वीचा आस साधारण २३.४ अंश कललेला आहे आणि त्याच तिरक्या अवस्थेत ती सूर्याभोवती फिरते. त्यामुळे सूर्य ज्या जागेच्या बरोबर डोक्यावर असतो ती जागा वर्षभर वर-खाली होत राहते, २१ जूनच्या सुमाराला कर्कवृत्तावर आणि २२ डिसेंबरच्या सुमाराला मकरवृत्तावर. या दोन वृत्तांच्या मधे जी गावं आहेत त्यांना सूर्य वर्षात दोनदा डोक्यावर मिळतो, एकदा जाताना आणि एकदा परत येताना. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे त्यामुळे आपल्यातल्या कुणाचाच नंबर चुकत नाही. दिल्लीच्या मुलांना मात्र हा दिवस घरी बसून कधीच बघता येणार नाही, तिथे २१ जूनलासुद्धा मीटरच्या काठीची ९ सेंटीमीटर सावली राहतेच. आपला दुसरा शून्य सावली दिवस मुंबईला २७-२८ जुलैला असतो आणि कोल्हापूरला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पण तेव्हा आकाशात ढग आणि हातात छत्री, त्यामुळे त्याची बातमी सहसा होत नाही.

इथपर्यंत झाली माहिती. माहिती पाठ करणं म्हणजे विज्ञान नाही हे सगळेच म्हणतात, पण मग विज्ञान म्हणजे काय ते सांगायची वेळ आली की वहीत बाण काढून लिहून देतात, निरीक्षण, मग गृहीतक, मग प्रयोग, मग निष्कर्ष. परीक्षेत लिहायला ठीक आहे. पण माझ्या मते या बाणांच्या चित्रात खरी गंमत निसटून जाते. गंमत अशी की तुमची कल्पना खरी असेल तर अजून न बघितलेलं असं काय दिसायला हवं ते तुम्ही आधीच लिहून ठेवायचं, आणि तसं दिसलं नाही तर कल्पना गोत्यात आली हे मान्य करायचं. आधीच लिहायचं बरं का, नंतर नाही, नंतर तर कुणीही "मला माहितीच होतं" म्हणतं.

उदाहरण घ्या. आस कललेला आहे ही कल्पना खरी असेल तर १६ मेनंतर सूर्य मुंबईच्याही उत्तरेला गेला पाहिजे. तो उत्तरेला गेला तर मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडली पाहिजे. वर्षाचे बाकीचे नऊ-साडेनऊ महिने ती उत्तरेला पडते, म्हणजे ही एकदम उलटी गोष्ट झाली. आणि किती पडेल तेही आधी सांगता येतं, ३१ मेला मुंबईत मीटरच्या काठीची साधारण ५ सेंटीमीटर, दक्षिणेकडे. आता ही भविष्यवाणी "येत्या काळात चांगले योग आहेत" असल्या छापाची नाही. ५ च्या जागी २० सेंटीमीटर आली किंवा उत्तरेकडे पडली तर सरळ सरळ फसली, पळवाट नाही. मेची सुट्टी असतेच, बघा करून.

असंच एक वाक्य आहे, "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून गरम होतं". ऐकायला किती बरोबर वाटतं! शेकोटीजवळ गेलं की जास्त गरम लागतं, मग सूर्याचंही तसंच असणार. पण हे खरं असेल तर काय दिसायला हवं? सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा दिसायला हवा. आणि तुम्ही क्रिकेट बघत असाल तर तुम्हाला माहितीये की २६ डिसेंबरला मेलबर्नला टेस्ट मॅच सुरू होते तेव्हा आपल्याकडे स्वेटर निघालेले असतात आणि तिकडे प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात, कारण तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा असतो. झालं, एका मॅचने कल्पना आऊट. वर आणखी गंमत म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. फरक पडतो, पण ऋतू ठरवतो तो कल.

आता काठीने आणखी मोठं काम करूया. पृथ्वी मोजूया.

हे काम सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनीस नावाच्या ग्रीक विद्वानाने केलं होतं. तो अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेला सायनी म्हणून गाव होतं, आजचं अस्वान, तिथे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मध्यान्हीला वस्तूंची सावलीच पडत नाही हे त्याला कळलं होतं, आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग येतो हे त्याने मोजलं. म्हणजे ७.२ अंश. मग दोन गावांमधलं अंतर गुणिले ५० म्हणजे पृथ्वीचा घेर, संपला विषय. त्याने अंतर धरलं ५००० स्टेडिया, त्यामुळे घेर आला अडीच लाख. त्याचं स्टेडियम हे माप आजच्या मीटरमध्ये नक्की किती यावर अभ्यासकांची अजून भांडणं चालू आहेत, पण उत्तर बरंच जवळ होतं.

आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही हेच सांगितलंय, की एकमेकांच्या बरोबर उत्तर-दक्षिण असलेल्या दोन गावांच्या अक्षांशातला फरक आणि त्यांच्यातलं अंतर घ्या आणि त्रैराशिक मांडा, इतक्या अंशांना इतकं अंतर तर ३६० अंशांना किती? हेच ते शाळेतलं त्रैराशिक, पाच पेनं तीस रुपयांना वालं. त्यांनी पृथ्वीचा घेर दिला ४९६७ योजनं. चाळीसगावजवळ पाटण आहे ना, पाटणादेवीचं, तिथे त्यांच्या नातवाचा म्हणजे चांगदेवाचा शिलालेख सापडला, त्यामुळे खानदेशातल्या मुलांनी तर हा प्रयोग हक्काने करावा.

आपल्याला नाशिक आणि कोल्हापूर ही जोडी मस्त आहे, दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर आहेत, मध्यान्हीच्या वेळेत दोन मिनिटांचाही फरक पडत नाही. कोल्हापूरचा शून्य सावली दिवस असेल तेव्हा नाशिकच्या मित्राने मीटरच्या काठीची सगळ्यात आखूड सावली मोजायची. ती यायला हवी ५.८ सेंटीमीटरच्या आसपास. लहान कोनांसाठी एक ट्रिक आहे, सावली भागिले काठीची उंची, गुणिले ५७.३, की कोन अंशात मिळतो. ५.८ भागिले १००, गुणिले ५७.३, आले ३.३ अंश. दोन्ही शहरांमधलं उत्तर-दक्षिण सरळ अंतर साधारण ३६५ किलोमीटर आहे. ३६५ गुणिले ३६० भागिले ३.३ करा, ३९,८०० येतं. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा घेर ४०,००८ किलोमीटर आहे. दोन काठ्या आणि एक फोन कॉल, एवढ्यात!

एक शंका कुणीतरी हुशार काढेलच की हे ३६५ किलोमीटर आणलं कुठून, मोबाईलच्या मॅपवरून घेतलं असेल तर त्या मॅपला पृथ्वीचा आकार आधीच माहिती आहे, मग आपण मोजलं काय? शंका एकदम बरोबर आहे. प्रामाणिकपणे करायचं तर गाडीच्या मीटरवरचं अंतर घ्या, पण रस्ता घाटांतून वळणं घेत जातो त्यामुळे ते बरंच जास्त येतं, मग त्यातून वळणं किती वजा करायची त्याचा अंदाज करा आणि तो कसा केला ते वहीत लिहून ठेवा. एराटोस्थेनीससमोरही अंतराचा हा प्रश्न होताच.

आता खरी अवघड गोष्ट, आणि मला यातली सगळ्यात आवडणारी. नाशिकला ५.८ सेंटीमीटर सावली पडली म्हणून पृथ्वी गोल आहे हे सिद्ध झालं का? नाही झालं! कुणी म्हणालं की पृथ्वी सपाट आहे आणि सूर्य आपल्या वर फक्त ६३०० किलोमीटर उंचीवर टांगलेला आहे, तरीही नाशिकला सावली तेवढीच पडेल, कागदावर त्रिकोण काढून बघा. एकच निरीक्षण, आणि दोन कल्पना त्यात फिट बसतात. अशा वेळी भांडून उपयोग नसतो, या दोन कल्पना कुठे वेगवेगळं सांगतात ती जागा शोधायची आणि तिथे जाऊन मोजायचं.

तिसरी काठी थेट श्रीनगरला लावली तर? त्याच दिवशी तिथे गोल पृथ्वी आणि लांबचा सूर्य या हिशोबाने सावली येते ३१ सेंटीमीटरच्या वर, आणि सपाटवाल्या हिशोबाने साधारण ३०.४. जेमतेम एका सेंटीमीटरचा फरक, आणि सावलीची कड तर मुळातच तेवढी धूसर असते, त्यामुळे यावर पैज लावू नका. दुसरी जागा जास्त चांगली आहे. सूर्य खरंच ६३०० किलोमीटरवर असेल तर दुपारी तो आपल्या जवळ असेल आणि संध्याकाळी आपल्यापासून लांब गेलेला असेल. म्हणजे साडेचारला तो दुपारच्या मानाने साधारण सत्तर टक्के आकाराचा दिसायला हवा. आणि मावळायला तर नकोच, सहा वाजता दहा हजार किलोमीटर लांब गेला तरी तो क्षितिजाच्या वर ३० अंशांवर लटकलेला दिसायला हवा. तो मावळतो हे आपण रोज बघतो, आकार मात्र मोजावा लागेल.

मोजायला पुठ्ठ्याला सुईने बारीक भोक पाडा, त्यातून येणारा उजेड एक मीटर लांब धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडा. कागदावर जो गोल उमटेल ते सूर्याचं चित्र आहे, भोकाचं नाही, आणि तो साधारण ९ मिलिमीटरचा असतो. कागद उजेडाच्या बरोबर समोर धरायचा, तिरका झाला तर गोल लांबट होतो. दुपारी मोजा, साडेचारला मोजा, अंतर दोन्ही वेळी मीटरच ठेवा. जवळचा सूर्यवाले बरोबर असतील तर संध्याकाळी साडेसहा मिलिमीटर यायला हवं. नऊच येतं. मग सूर्य इतका लांब आहे की आपण दिवसभरात कुठेही फिरलो तरी त्या अंतरापुढे काही फरक पडत नाही, आणि सूर्य लांब असेल तर त्याचे किरण नाशिकला आणि कोल्हापूरला समांतरच येणार, आणि किरण समांतर असूनही सावल्या वेगळ्या पडत असतील तर दोन्ही काठ्या एकमेकींना समांतर नाहीत, म्हणजे जमीनच वाकलीये. बघा, गोल पृथ्वीचा पुरावा नाशिकच्या सावलीने एकटीने दिला नाही, सोबत एक भोक पाडलेला पुठ्ठा लागला.

उत्तर बरोबर ४०,००० येणार नाही हे मात्र आत्ताच सांगून ठेवते. मीटरच्या काठीच्या टोकाची सावली जवळपास एक सेंटीमीटर पट्ट्यात पुसट होत जाते, कारण सूर्य ठिपका नाही हे मघाशी बघितलंच. तुम्ही अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे धरलंत तर घेर ३६,५०० पासून ४३,३०० पर्यंत कुठेही येऊ शकतो. काठी लांब घेतली तर सुधारेल असं वाटतं पण नाही सुधारत, तेवढ्याच पटीत पुसटपणाही वाढतो. उपाय वेगळा आहे, काठीच्या टोकाला बारीक भोकाचा वॉशर आडवा चिकटवा, मग सावलीच्या मधोमध उजेडाचा छोटा गोल पडतो आणि त्याचा मध्य बराच नेमका सापडतो. तो वॉशर म्हणजे आपला मघाचा पुठ्ठाच झाला, मग उंची मोजायची ती वॉशरपर्यंत. पाच-सहा जणांनी वेगवेगळं मोजून सगळ्यांची रीडिंग लिहा, आणि कुणाचं ३७,००० आलं म्हणून ते खोडून ४०,००० करू नका. प्रदर्शनातल्या प्रोजेक्टमध्ये असं सर्रास होतं आणि ते बघून वाईट वाटतं, कारण ३७,००० का आलं हे शोधताना ओळंबा हलला होता की बोर्ड तिरका होता हे सापडतं, तीच तर खरी शिकवणी आहे.

राहिली ती तीन मिनिटं. मुंबईत रेखांशाच्या हिशोबाने मध्यान्ह १२:३८ ला हवी, मेमध्ये येते १२:३५ ला. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोजलंत तर ती येते १२:२२ च्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्याला चक्क १२:५३ ला! अर्ध्या तासाचा फरक, घड्याळ तेच, काठी तीच, गच्ची तीच. याची कारणं दोन आहेत. एक म्हणजे पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही, त्यामुळे ती जानेवारीत जरा वेगाने धावते आणि जुलैत जरा हळू. दुसरं म्हणजे तोच तो कललेला आस, त्यामुळे सूर्याचं आकाशातलं सरकणं काही महिने तिरकं होतं आणि काही महिने जवळपास सरळ पूर्वेकडे, आणि घड्याळाला कळतं ते फक्त पूर्वेकडचं सरकणं. दोन्ही एकत्र आले की मध्यान्ह वर्षभर मागेपुढे होत राहते. पावसाळ्याचे महिने सोडून दर पंधरा दिवसांनी एकदा सगळ्यात आखूड सावलीची वेळ टिपत गेलात आणि आलेख कागदावर ठिपके टाकत गेलात तर हा सगळा हेलकावा तुमच्याच वहीत उमटेल. यातला किती भाग कक्षेमुळे आणि किती आसामुळे हे त्या ठिपक्यांवरून वेगळं काढता येईल का, यावर आधी स्वतः डोकं लावा आणि मग गणिताच्या सरांना गाठा.